बिस्वासचं घर आणि गावातला कुलूपबंद बंगला: ही तुलना चालेल का?

गलाईकरांची_लेक (सांगली)

आमच्या विश्रामबागेतल्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात वसाहतोत्तर, म्हणजे साहेबाचं राज्य भोगलेल्या मुलखांतल्या, कादंबऱ्यांवर बोलायचं आहे. मी व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) घेतली आहे. ही कादंबरी मी माझ्याच माणसांची गोष्ट म्हणून वाचतेय. तसं वाचणं रास्त आहे का, एवढं इथल्या जाणत्यांना विचारायचं आहे.

आधी माझी माणसं कोण ते सांगते. आम्ही खानापूर तालुक्यातले, विट्याजवळचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. दुष्काळानं आमच्याकडची घरंच्या घरं देशभर पांगली. कुठल्याही राज्यात जा, सराफपेठेच्या एखाद्या बोळात खानापूर-आटपाडीकडचा कोणी ना कोणी भट्टी लावून बसलेला सापडतो. आमची भट्टी तमिळनाडूत, सेलमला. माझं सगळं बालपण तिथलं. दप्तरालासुद्धा तेजाबाचा वास यायचा. शाळेत तमिळ, जेवायला बसलं की मराठी. आणि दादांचं, म्हणजे वडिलांचं, एकच पालुपद: ‘आपण इथं चार दिवसांचे.’ मिळालेला पैसा गावाकडे गेला, गावात दुमजली बंगला उठला. तो यात्रेला उघडतो, पोरं गच्चीवर नाचतात, पाहुणे जेवून जातात आणि पुन्हा कुलूप. सेलमला मात्र आम्ही कायम भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. परमुलखात घर कशाला बांधायचं, असं म्हणायचे.

आता कादंबरी. उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर नेले. पहिलं जहाज १८४५ साली लागलं आणि १९१७ पर्यंत हे चाललं. बिस्वासचा जन्म अशाच मजुरांच्या घरातला. त्याच्या सासरच्या, हनुमान हाउसच्या, पडवीत संध्याकाळी म्हातारे जमतात, धूर काढतात आणि मायदेशी परतायच्या गप्पा मारतात. प्रत्यक्ष परतायची संधी आली की त्यातले बरेच जण नको म्हणतात. त्या म्हाताऱ्यांत मला दादा दिसले, भट्टीवरचे सगळे काका दिसले.

बिस्वास मात्र त्यांच्यात बसत नाही. त्याला घर हवंय ते इथेच, याच मातीत. शेवटी पोर्ट ऑफ स्पेनच्या सिक्कीम स्ट्रीटवर ते होतं. दारं धड लागत नाहीत, डोक्यावर ३००० डॉलरचं कर्ज, ८ टक्क्यांनी महिन्याला २० डॉलर नुसतं व्याज. नोकरीही जाते. पण सेहेचाळिसाव्या वर्षी तो जातो तो सासरच्या वळचणीला नव्हे, स्वतःच्या घराचा मालक म्हणून. मला वाटतं, बिस्वास त्रिनिदादचा होतो तो त्या कर्जाच्या घरामुळे. मायदेशाची आठवण काढून कोणी कुठलाच होत नाही. दादांनी आयुष्यभराची कमाई एका कुलपात घातली. हे मी फार मनापासून लिहितेय, रागानं नाही.

कट्ट्यावरच्या एका ताईंचा आक्षेप असा की गलाईवाले स्वतःच्याच देशात धंद्याला गेले, त्यांना कोणी करारानं बांधून नेलं नाही, मग त्यांना या चौकटीत का कोंबतेस? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय म्हणाल?

माहुलीचा_मास्तर (सातारा)

ताई, शाळेत इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे त्याच बाजूनं बोलतो. तुमच्या कट्ट्यावरच्या बाईंचं अर्धं बरोबर आहे. स्थलांतर आणि वसाहत या दोन गोष्टी वेगळ्या. गाव सोडलेल्या प्रत्येकाला वसाहतोत्तर म्हणू लागलो तर साहेब हिशेबातून सुटतो.

तुम्ही नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) बिस्वासच्या शेजारी ठेवून वाचा. त्यातल्या ओकोन्क्वोच्या हातून चुकून एक पोरगा मरतो आणि त्याला सात वर्षं आजोळी जाऊन राहावं लागतं. ती वर्षं तो परतायचे बेत करत काढतो. परततो तेव्हा त्याचं उमुओफिया गाव जागेवर आहे, पण तिथे मिशनचं देऊळ आहे, साहेबाचं कोर्ट आहे, कोर्टाचे शिपाई आहेत. तुमच्या नायपॉलच्या म्हाताऱ्यांना परत जायची भीती वाटते ती का, याचं उत्तर अचेबेंनी तीन वर्षं आधीच लिहून ठेवलंय.

शेवट तर साताऱ्याच्या माणसानं दोनदा वाचावा असा. ओकोन्क्वो गळफास घेतो आणि जिल्ह्याचा साहेब मनात म्हणतो, मी लिहितोय त्या पुस्तकात या माणसावर एखादा परिच्छेद होईल. ज्याची गोष्ट आपण अख्खी कादंबरीभर वाचली, त्याला साहेबाच्या पुस्तकात एक परिच्छेद! मला तिथे ग्रँट डफ आठवतो. १८१८ नंतर तो इथे, साताऱ्यात, प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनीचा अधिकारी म्हणून होता. त्यानं मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला, तो १८२६ मध्ये छापला गेला. माणूस कष्टाळू, कागदपत्रं त्यानं खूप जमवली, ते नाकारत नाही. पण पुढे आपल्या पोरांनी आपले आजे-पणजे कोण होते हे त्याच्या पुस्तकातून शिकावं, ही वेळ आली. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं, ते तिकडेच वारले. १८४८ मध्ये राज्य खालसा. सातारची रयत कुठल्या जहाजात चढली नव्हती, आपापल्या घरात होती, तरी तिच्या पायाखालचं सगळं बदललं. ओळखीचा शोध म्हणतात तो माझ्या मते इथून सुरू होतो: आपली गोष्ट कोण सांगतंय? तुमच्या गलाईवाल्यांची गोष्ट कोण सांगतंय, हे कट्ट्यावर विचारा. तुलना तिथे टिकेल.

डाळिंबवाला (आटपाडी)

ताई, मीपण गलाईच्या घरातला. आमची भट्टी कानपूरला होती. कादंबरी वाचलेली नाही, पण दादांना तुम्ही जरा लवकर निकालात काढताय. ‘चार दिवसांचे’ म्हणत होते म्हणूनच ती माणसं भट्टीच्या धगीपुढं तीस-तीस वर्षं टिकली. आणि गावाकडची जागा राखली म्हणून टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यावर आम्हाला परत येता आलं. आज दोन एकर डाळिंब आहे. कुलूप लावलेलं घर म्हणजे वाया गेलेलं घर, असं नसतं. माझा थोरला भाऊ कानपुरातच आहे, त्याची पोरं तिकडचीच झाली, त्याचंही काही चुकलं नाही.

कृष्णाकाठ (कराड)

मॉरिशसचाही विचार व्हावा. १८३४ पासून तिथे मजूर नेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. ते जिथे उतरायचे तो पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. गणेश चतुर्थीला तिथे आजही सरकारी सुट्टी असते. परत न येताही गणपती तिकडचा झाला.

गलाईकरांची_लेक (सांगली)

डाळिंबवाले दादा, तुमचा मुद्दा मनाला लागला. आमच्या गावापर्यंत पाणी आलं तेव्हा दादांचे गुडघे गेले होते, पण तुमच्यासारखी घरंही आहेत, हे कट्ट्यावर नक्की सांगेन.

मास्तर, अचेबे वाचून काढली. परिच्छेदाचं तुम्ही म्हणता ते पटलं, त्यावरच बोलायला सुरुवात करणार आहे. पण मी अडकले ती ओकोन्क्वोच्या मुलापाशी, न्वोयेपाशी. बापानं ज्याला घरात वाढवलं त्या इकेमेफुनाला बापाच्याच हातून मरण येतं. गावच्या रिवाजानं जंगलात टाकलेल्या जुळ्या बाळांचं रडणं त्या पोराच्या कानातून जात नाही. तो मिशनऱ्यांकडे जातो तो साहेबाच्या धाकानं नाही, घरात ज्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही त्यासाठी जातो. ओकोन्क्वोला गाव परत हवंय, न्वोयेला त्या गावात जीव गुदमरतो. मी सेलमला तमिळ मैत्रिणींच्या घरी जास्त रमायचे, आणि आईला त्याचं फार वाईट वाटायचं. म्हणून विचारते: बापाचं आपलेपण नाकारून दुसरीकडे गेलेल्या पोराची अशी गोष्ट, त्याला गद्दार न ठरवता, मराठीत कोणी लिहिली आहे?

माहुलीचा_मास्तर (सातारा)

कादंबरी नाही, पण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तिथपासून पुढची पानं आधी वाचा. त्यात जाणाऱ्याची बाजू आहेच, पण मागे राहिलेल्या बायकोचं काय झालं तेही आहे, आणि ते न्वोयेच्या आईबद्दल अचेबेंनी फारसं सांगितलेलं नाही. पुढे लक्ष्मीबाई स्वतःही त्याच वाटेनं गेल्या, पण नवऱ्यामागोमाग फरफटत नाही. कित्येक वर्षं भांडून, सोवळंओवळं एकेक सोडत, स्वतःचं मन स्वतः बदलून. कट्ट्यावर दोन्ही पुस्तकं घेऊन जा.