कॅनडा पीआर: ६७ पॉइंट भरलेत, तरी बोलावणं येत नाही. मदत हवी आहे (तातडीने)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, त्यासाठी कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या ऑनलाइन पद्धतीत प्रोफाइल टाकून सहा महिने झाले. ६७ पॉइंट लागतात, माझे बरोबर ६७ भरतात. एजंटने "तुम्ही पात्र आहात" म्हणून पहिला हप्ता घेतला, त्यानंतर दर वेळी "पुढच्या ड्रॉला होईल" एवढंच ऐकतोय (ड्रॉ म्हणजे बोलावणं पाठवायची फेरी). मी मेकॅनिकल, अंबड एमआयडीसीत आहे, १५ वर्षांचा अनुभव. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा झाली, डिग्रीचं वेस या संस्थेकडून मूल्यांकन झालं. डिसेंबरात मला ३९ पूर्ण होतात आणि एक पॉइंट कमी होऊन ६६ होतात. म्हणजे विषयच संपला. एजंट आता म्हणतोय की तिकडच्या कंपनीचं नोकरीचं पत्र आणून देतो, ५० पॉइंट वाढतील, साडेसहा लाख लागतील. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. पैसे भरू का? कृपया लवकर सांगा, रात्र रात्र झोप नाही.

हिमकण
पैसे भरू नका. नोकरीच्या पत्राचे पॉइंट २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत. आधी ५० किंवा २०० मिळायचे, आता शून्य. तुमचा एजंट सप्टेंबरात ते विकतोय.
दुसरं म्हणजे तुम्ही दोन वेगळे हिशोब एक धरताय. ६७ हा फक्त उंबरठा आहे, १०० पैकी. तो ओलांडला की पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, शिरता येतं. निवड होते सीआरएसवर, म्हणजे यादीत क्रम लावणाऱ्या गुणांवर, तो १२०० पैकी असतो. तुमचा सीआरएस किती?

गोदाकाठ
३०७ असं काहीतरी एका कागदावर होतं. मला वाटलं तो प्रोफाइल नंबर.

हिमकण
तोच सीआरएस. आता नीट सांगा: आयईएलटीएस जनरल की अकॅडमिक? चारही भागांचे बँड वेगवेगळे. लग्न झालंय का, मुलं किती? कॅनडात रक्ताचं कोणी आहे का?

गोदाकाठ
जनरल, ७ आहे. लग्न झालंय, मुलगी चार वर्षांची. पण मला फक्त एवढं विचारायचंय की वाढदिवसाआधी काही करता येईल का.

पुणेरी_पाव
७ म्हणजे ओव्हरऑल ना? त्याला कॅनडात काडीची किंमत नाही, प्रत्येक भाग वेगळा मोजतात. मी स्वतः तीनदा आयईएलटीएस दिली, रायटिंग दर वेळी साडेसहा. शेवटी पीटीई कोअर ही दुसरी इंग्रजीची परीक्षा दिली आणि सुटलो. २०२४ पासून कॅनडा ती परीक्षा घेतं. डोळे मिटून पीटीई द्या.

गोदाकाठ
लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. फक्त रायटिंग परत देता येतं असं क्लासवाले म्हणाले.

हिमकण
एकाच भागाची फेरपरीक्षा कॅनडाच्या पीआरला चालत नाही. द्यायची तर चारही भाग.
तुमचं गणित मांडतो. सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी. सीएलबी ९ साठी लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७ लागतात. तुमचे दोन भाग नऊवर, दोन आठवर. वय ५५, बीई ११२, भाषा १०२, अनुभव आणि भाषा मिळून २५, शिक्षण आणि भाषा मिळून १३. झाले ३०७. उद्या चारही भागांत नऊ आले तरी ३५८ होतात. सर्वसाधारण ड्रॉ शेवटचे २०२४ मध्ये झाले, तेव्हाही ५०० च्या वर होते. वाढदिवसाने तुमचे सीआरएसमधले जेमतेम ५ जातात. तुमचं घोडं वाढदिवसापाशी अडलेलं नाही.

गोदाकाठ
मग सहा महिने त्याने मला हे सांगितलं का नाही?

बों_जूर
दादा, निराश होऊ नका आणि बाकी कोणाचं ऐकू नका. फ्रेंच शिका. मी बी-टू पातळीपर्यंत केलं आणि दोन वर्षांत पीआर हातात. फ्रेंचच्या चारही भागांत पातळी सात आली की ५० जादा, वर दुसरी भाषा म्हणून १२, एकूण ६२. फ्रेंचवाल्यांचा ड्रॉ वेगळा असतो, मार्च २०२५ मध्ये तो ३७९ ला लागला. तुमचे ३०७ अधिक ६२ म्हणजे ३६९, थोडं इंग्रजी सुधारा की झालं.

पुणेरी_पाव
मार्चचं सांगितलंत, ऑगस्टचं का नाही? ऑगस्टमध्ये तोच फ्रेंच ड्रॉ ४८१ ला लागला. सप्टेंबरात ४४६. शिवाय शिफ्टमध्ये काम करणारा, मुलगी चार वर्षांची, हा माणूस शून्यापासून बी-टूला कधी पोचणार?

बों_जूर
मी नोकरी करूनच केलं. पहाटे पाच ते सात, रविवारी अलियाँसच्या फ्रेंच वर्गात, पावणेदोन वर्षं. कटऑफ वरखाली होतात, पण भाषा कोणी काढून घेत नाही. कष्ट नको असतील तर वेगळं.

पुणेरी_पाव
कष्ट नको असं कोणी म्हटलंय? १५ वर्षं एमआयडीसीत आहे तो.

सिडनीचा_सदू
कॅनडाचा नाद सोडा, ऑस्ट्रेलिया बघा. तिकडे ३३ ते ३९ सगळ्यांना सारखेच २५ पॉइंट, दर वाढदिवसाला कात्री नाही. चाळिशी लागली की मग १५ वर येतात. अनुभव आठ वर्षांच्या वर असला की १५, डिग्रीचे १५. किमान ६५ लागतात. माझ्या ओळखीतले तीन मेकॅनिकलवाले गेले.

हिमकण
सदू, त्यांचं रायटिंग ६.५ आहे. ऑस्ट्रेलियात चारही भागांत ७ असतील तरच भाषेचे १० मिळतात, नाहीतर भोपळा. २५, १५ आणि १५ मिळून ५५ होतात, ६५ सुद्धा नाहीत. आणि ६५ हाही उंबरठाच, बोलावणं बहुतेकांना त्याच्या बरंच वर येतं. म्हणजे पुन्हा तीच चूक दुसऱ्या देशात.

जुना_टोरांटोकर
मी १९७४ साली इकडे आलो, म्हणून थोडं सांगतो. पॉइंटांची ही पद्धत कॅनडाने १९६७ साली आणली, जगात पहिली. त्याआधी माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या वंशाचा हे बघत. आपल्यासारख्यांना दारं जवळजवळ बंदच होती. तेव्हा १०० पैकी ५० लागत. शिक्षणाला २०, वयाला १०, भाषेला १०, आणि १५ गुण होते अधिकाऱ्याच्या वैयक्तिक पारखीला. दिल्लीत माझी मुलाखत झाली. त्या गृहस्थांनी मला एकच विचारलं, बर्फात बस बंद पडली तर काय कराल? मी म्हणालो, चालत जाईन. आजच्या संगणकाला असं काही सांगायची सोय नाही, याचं मला वाईट वाटतं. पण त्याच १५ गुणांवर किती जणांना तोंड बघून परत पाठवलं असेल, तेही आठवतं. तुम्ही धीर सोडू नका.

माहेरवाशीण
आई-बाबांना न्यायचं असेल तर सुपर व्हिसा काढा, एका वेळी पाच वर्षं राहता येतं. विमा मात्र आधी काढावा लागतो. मी भाजणी आणि मेतकूट नेहमी सीलबंद पाकिटातच नेते.

गोदाकाठ
ताई, माझं अजून मलाच बोलावणं नाही.

एकला_चलो
सोपा मार्ग सांगतो. मिसेसना "सोबत येणार नाही" असं दाखवा. मग तुमची मोजणी अविवाहितासारखी होते. वयाचे ५५ चे ६१ होतात, डिग्रीचे ११२ चे १२०, भाषेचेही वाढतात. नंतर बोलावून घ्या त्यांना. सगळे करतात.

हिमकण
सगळे करत नाहीत, आणि जे खोटं करतात ते अडकतात. बायको खरंच मागे राहणार असेल तर तसं लिहायला हरकत नाही. पण न्यायचंय आणि "येणार नाही" लिहिलं, तर ती खोटी माहिती झाली, पाच वर्षांची बंदी. त्यातून तिची आणि मुलीची वैद्यकीय तपासणी राहून गेली तर पुढे कुटुंब म्हणून त्यांना बोलावण्याचा रस्ताच बंद होतो. चार वर्षांच्या लेकरावर हा जुगार कोणाला सांगू नका.
गोदाकाठ, तुम्ही दोन प्रश्नांची उत्तरं दिलीच नाहीत. कॅनडात कोणी आहे का? आणि मिसेसचं वय, शिक्षण, काम काय?

गोदाकाठ
बहीण आहे ना मिसिसॉगाला, म्हणून तर तिकडे जायचंय. गेल्या वर्षी तिला पीआर मिळाला. मिसेस ३२ वर्षांच्या, त्यांचा काही प्रश्न नाही, अर्ज माझ्या नावावर आहे.

हिमकण
सख्खी बहीण? १८ च्या वरची, पीआर झालेली? त्याचे १५ मिळतात हो! ६७ च्या तक्त्यातही ५ मिळतात. म्हणजे तुमचे ६७ नाहीत, ७२ आहेत, आणि डिसेंबरात ७१ राहतील. इतके दिवस ज्या ६६ च्या भीतीने झोप उडाली ती भीतीच खोटी होती.
मिसेस काय करतात ते मात्र अजून सांगितलं नाहीत.

गोदाकाठ
फिजिओथेरपिस्ट. इथल्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं बीपीटीएच आणि एमपीटीएच. स्वतःचं क्लिनिक आहे, आधी दोन वर्षं हॉस्पिटलमध्ये होत्या. पण त्याचा माझ्या अर्जाशी काय संबंध?

पुणेरी_पाव
अहो काका, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

हिमकण
अर्ज त्यांच्या नावावर करा. तुम्ही जोडीदार म्हणून लागा.
वय ३२, ८५. एमपीटीएच, १२६. त्यांना चारही भागांत सीएलबी ९ मिळाले तर भाषेचे ११६, आणि शिक्षण व अनुभवाचे जोडगुण पूर्ण १००. तुमच्या बीईचे ८, तुमच्या आत्ताच्या आयईएलटीएसचे १६, तुमच्या बहिणीचे १५. बेरीज ४६६. भाषेत दहा गाठले तर ४७८.
आणि फिजिओथेरपी आरोग्यसेवेच्या यादीत आहे. २०२३ पासून काही क्षेत्रांचे ड्रॉ वेगळे होतात. आरोग्याचा जुलै २०२५ मध्ये ४७५ ला लागला, ऑगस्टमध्ये ४७० ला. म्हणजे नऊ आले तर काठावर, दहा आले तर आत. हमी कोणीच देऊ शकत नाही, पण तुमचे ३०७ कुठे आणि हे कुठे.

एकला_चलो
मग आता नवऱ्याला "सोबत नाही" दाखवा, आणखी वाढतील.

हिमकण
करून बघा बेरीज. ९४, १३५, १२४ आणि १००, झाले ४५३. ४६६ पेक्षा कमी. कारण नवरा सोबत नसेल तर त्याच्या बहिणीचे १५ जातात आणि त्याचे स्वतःचे २४ ही जातात. या घरात एकत्र जाण्यातच जास्त गुण आहेत.

बों_जूर
ताईंनी फ्रेंच घेतलं तर ५०० पार होतील. इंग्रजी झालं की लगेच सुरू करा, मी वह्या पाठवते.

पुणेरी_पाव
हे मात्र मान्य.

गोदाकाठ
मी यांची पत्नी लिहितेय, यांच्याच खात्यावरून. काल रात्री यांनी सगळा धागा वाचून दाखवला. सहा महिने घरात कॅनडाचं चाललंय, पण माझ्या डिग्रीबद्दल पहिल्यांदा कोणी विचारलं ते तुम्ही. मनापासून आभार.
माझे प्रश्न: मुलीच्या वेळी १४ महिने काम बंद होतं. त्याने अनुभव तुटतो का? क्लिनिक ऑगस्ट २०२२ पासून, सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन, आठवड्याचे सहा दिवस. पगारपत्रक नाही. पावतीपुस्तकं आहेत, आणि माझी वही आहे. तिच्यात प्रत्येक पेशंटची तारीख, वेळ आणि गुडघा त्या दिवशी किती अंश वाकला हे लिहिलेलं असतं. असं चालतं का? आणि तिकडे गेल्यावर मला फिजिओ म्हणून काम करू देतील का?

हिमकण
ताई, आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्ण वेळ, तुमचे ३६ होतात. गेल्या दहा वर्षांत एक वर्ष सलग हवं, ते क्लिनिकचं आहेच. १४ महिने मोजणीतून वगळायचे, बाकीचा अनुभव तुटत नाही. भारतातला स्वतःचा व्यवसाय या प्रकारात धरतात. फक्त "मी काम केलं" असं स्वतःच लिहिलेलं पुरत नाही. क्लिनिकची नोंदणी, आयकर विवरणपत्रं, आणि बाहेरच्यांची पत्रं लागतील. जे हाडांचे डॉक्टर तुमच्याकडे पेशंट पाठवतात त्यांच्याकडून लेटरहेडवर घ्या: कधीपासून, कोणतं काम. वही जपून ठेवा, पत्रातल्या तारखा तिच्याशी जुळवा. आणि हॉस्पिटलच्या पत्रात कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार आलाच पाहिजे. "यांनी आमच्याकडे काम केले" असं एका ओळीचं पत्र परत करा.

बर्फातली_बोटं
मी फिजिओच आहे, ओंटारिओत. पीआरला परवाना लागत नाही, पण कामाला लागतो. फिजिओथेरपी नियामकांची एक राष्ट्रीय संस्था आहे, ती तुमची डिग्री तपासते, मग परीक्षा, मग त्या प्रांताच्या कॉलेजची (इथे कॉलेज म्हणजे परवाना देणारी संस्था) नोंदणी. ते होईपर्यंत स्वतःला फिजिओ म्हणवता येत नाही. मी तोवर सहाय्यक म्हणून होते. दुसऱ्याने सांगितलेले व्यायाम करून घ्यायचे आणि गप्प बसायचं, फार जड गेलं. म्हणून डिग्री तपासणीचा अर्ज भारतातूनच सुरू करा. विद्यापीठाची कागदपत्रं थेट तिकडून जावी लागतात, आणि तुमचं विद्यापीठ तुमच्याच गावात आहे. मला कोल्हापुरातून चार खेपा माराव्या लागल्या होत्या.

हिमकण
एक राहिलं. सध्याच्या प्रोफाइलचं लॉगिन कोणाकडे आहे? आणि एजंटकडे कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांचा परवाना आहे का? नाव त्यांच्या कॉलेजच्या नोंदवहीत ऑनलाइन शोधता येतं.

गोदाकाठ
नोंदवहीत नाव नाही. लॉगिन त्याच्याकडेच होतं, आज ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा दिलं. पैसे भरले नाहीत. घरी येऊन प्रोफाइल उघडलं तर "कॅनडात भाऊ किंवा बहीण" याच्यापुढे "नाही" लिहिलेलं. मला त्याने हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. बहिणीला लगेच फोन केला, तिच्या पीआर कार्डाची प्रत आणि आम्हा दोघांचे जन्मदाखले एकत्र करतोय. तिच्या दाखल्यावर आईचं नाव "सुमन" आहे, माझ्या दाखल्यावर "सुमनबाई". याने अडेल का? कोणाला अनुभव असेल तर सांगा. मिसेसची परीक्षा ११ ऑक्टोबरला आहे.

जुना_टोरांटोकर
आमच्या थोरल्या बंधूंच्या वेळी अगदी हेच झालं होतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं आईचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या, सोबत तिचं आधार किंवा शाळेचा दाखला जोडा. आई आहेत ना?

गोदाकाठ
आहे. उद्या सकाळी घेऊन जातो तिला.