दोनदाच जेवण्याचा नियम सर्वांना सांगावा का?

मध्यमवर्गीय (पुणे) : धागा

२०१८ च्या सुमारास मराठी घरांत आहारावरून दोन तट पडले होते, ते अनेकांना आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन सांगत होते की, कडक भूक लागते त्या दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि मधल्या वेळेत काहीही खाऊ नये. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे वाचक घरचे, हंगामी अन्न ठरावीक अंतराने थोडे थोडे खावे, असे मानत होते. तेव्हा मी या वादाकडे लक्ष दिले नाही. गेल्या वर्षी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, माझे एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.३ आले (५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी मानली जाते) आणि लक्ष द्यावे लागले.

उपाय सुरू करण्यापूर्वी मी एक काम केले. तीन आठवडे खिशात छोटी वही ठेवली आणि तोंडात जे जे गेले ते वेळेसह लिहिले. मी दिवसातून तीनदा खातो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. वहीप्रमाणे सरासरी अकरा वेळा खात होतो. सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटे, कार्यालयात साडेअकराला खारी, कोणाच्या मुलाला नोकरी लागली म्हणून पेढा, कोणी निवृत्त झाले म्हणून केकचा तुकडा, पाचच्या चहाबरोबर मूठभर शेव, घरी आल्यावर स्वयंपाक होईपर्यंत शेंगदाणे, रात्री झोपण्यापूर्वी डब्यातली एक वडी. यातल्या एकाही गोष्टीला मी ‘खाणे’ म्हणत नव्हतो. दिवसाचे चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या चहातून तीस ग्रॅमच्या वर साखर जात होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात वरून घातलेली साखर शक्यतो एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत, ठेवावी असे सुचवले आहे. मी ती मर्यादा जेवणाच्या ताटाला हात लावण्याआधीच ओलांडत होतो.

त्यानंतर दुपारी एक आणि रात्री पावणेनऊ अशी दोनच जेवणे ठेवली. मध्ये पाणी, पातळ ताक आणि बिनसाखरेचा चहा. रोज पाऊण तास चालणे. सात महिन्यांत वजन ८१ किलोवरून ७४ वर आले आणि एचबीए१सी ५.८ झाले.

माझे म्हणणे असे आहे की, या पद्धतीचे खरे बळ तिच्या नियमाच्या स्पष्टपणात आहे. खाल्ल्यावर इन्सुलिन वाढते आणि ते वाढलेले असेपर्यंत शरीर साठवलेली चरबी मोकळी करत नाही, हे शास्त्र मला पटते. पण मला वाचवले ते एका वाक्यात सांगता येणाऱ्या नियमाने. ‘प्रमाणात खा’ हा सल्ला आपल्याकडे टिकत नाही, कारण समोरचा माणूस प्रेमाने ‘घ्या हो, एवढ्याने काय होतंय’ असे म्हणत ताटली पुढे करतो आणि प्रमाण कुठे संपले हे त्या क्षणी ठरवता येत नाही. ‘मी मधल्या वेळेत खात नाही’ असे म्हटले की आग्रह तिथेच थांबतो. म्हणून हा नियम प्रत्येक प्रौढ व्यक्तीला सांगितला पाहिजे, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

परिचारिका (विदर्भ) : प्रतिसाद

आपल्या नोंदवहीबद्दल मनापासून अभिनंदन. पण ‘प्रत्येक प्रौढ व्यक्तीला’ या तीन शब्दांना माझा ठाम विरोध आहे, आणि तो अनुभवातून आला आहे.

माझ्या वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. शेजाऱ्यांचे वजन उतरलेले पाहून त्यांनी कोणालाही न विचारता सकाळचा नाश्ता बंद केला. गोळी मात्र नेहमीप्रमाणे सकाळी आठला घेत राहिले. ती ग्लिमेपिराइडची होती. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास आई मला हाक मारू लागली. वडील ओसरीवर बसले होते, सदरा घामाने भिजून पाठीला चिकटला होता, हात थरथरत होते आणि ते मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारत होते. ग्लुकोमीटरवर ४८ आकडा आला. ७० च्या खाली गेले की धोका सुरू होतो. गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग खायला दिले. त्या वेळी मी घरी नसते आणि वयामुळे चक्कर आली असेल म्हणून त्यांना नुसते झोपवले असते, तर काय झाले असते याचा विचार मला आजही करवत नाही.

जो इन्सुलिन किंवा अशी गोळी घेतो, त्याने जेवणाच्या वेळा बदलण्याआधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतलीच पाहिजे. हे वाक्य अशा प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला असायला हवे.

दुसरा मुद्दा स्त्रियांचा आहे. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बायका पहाटे पाचला उठतात, सर्वांचे डबे भरतात आणि चहावरच दुपारपर्यंत राहतात. रात्री सर्वांचे झाल्यावर उरलेले खातात. त्या कित्येक वर्षे दोनदाच जेवत आल्या आहेत आणि त्यांचे हिमोग्लोबिन नऊच्या पुढे जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतही राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. या बाईला ‘मधल्या वेळेत खाऊ नका’ हे आरोग्याचे वचन म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?

वजनकाटा (नाशिक) : प्रतिसाद

परिचारिकाताईंचा औषधाबद्दलचा इशारा शिरोधार्य आहे. मात्र अपवादांची यादी इतकी लांबवू नये की मूळ सल्लाच ऐकू येईनासा होईल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरचे बहुतेक लोक कोणतीही गोळी घेत नाहीत. त्यांच्यासाठी खारी आणि शेव सुटणे हाच मोठा उपचार आहे.

माळरान (मंगळवेढा) : प्रतिसाद

या चर्चेत किती वेळा खायचे यावर बोलणे चालले आहे. ताटात काय आहे हे अजून कोणी विचारलेले नाही, याचे मला वाईट वाटते.

आमच्या आजोबांचा दिवस न्याहारी, दुपारची भाकरी आणि दिवेलागणीनंतरचे जेवण असा तीन वेळांत विभागलेला होता. न्याहारी म्हणजे रात्रीची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी दही आणि बुक्कीने फोडलेला कांदा. खुरपणीला सकाळी सातला वाकलेल्या माणसाने दुपारी एकपर्यंत उपाशी राहावे, हे ज्याने खुरपे धरले आहे तो सांगणार नाही. आमच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तरीही आज आमच्याच गावात पाहुण्यांसमोर भाकरी ठेवायला लोक लाजतात. रेशनवर वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ मिळाला, ज्वारीचे पेरे घटले, भाकरी थापणारे हात कमी झाले. चार पोळ्या, वर भाताचा डोंगर आणि त्यावर डाळ शोधावी लागेल असे वरण, हे ताट दोनदा खाल्ले काय आणि तीनदा खाल्ले काय, त्याने ताकद येत नाही. मटकीची उसळ वाटीभर घ्या, भात निम्मा करा, मग वेळा मोजा.

प्रयोगवही (मुंबई) : प्रतिसाद

धागाकर्त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडे जाणारा एक पुरावा मांडतो. प्राग येथे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना बारा आठवडे दिवसातून सहा छोटी खाणी आणि बारा आठवडे दोनच मोठी जेवणे देण्यात आली. एकूण कॅलरी दोन्ही वेळा सारख्याच ठेवल्या होत्या. दोन जेवणांच्या काळात वजन सरासरी ३.७ किलोने उतरले, सहा खाण्यांच्या काळात २.३ किलोने. येथवर मध्यमवर्गीय यांचे म्हणणे बळकट होते. परंतु ती दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होती. रात्रीचे जेवण त्यात नव्हते. आपण मात्र सकाळ वगळून रात्री पावणेनऊला जेवता, म्हणजे त्या अभ्यासाच्या नेमके उलट करता. दिवस मावळल्यावर शरीराची साखर हाताळण्याची क्षमता मंदावते, म्हणून हा फरक किरकोळ नाही.

चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही ध्यानात घ्यावा. सर्वांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या. एका गटाने त्या सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाल्ल्या. वर्षाअखेर त्या गटाचे वजन ८ किलोने आणि दुसऱ्याचे ६.३ किलोने उतरले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे आपले सात किलो उतरले त्यात घड्याळापेक्षा शेव, पेढे आणि साखर सुटल्याचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

‘मी बारीक आहे, मला याची गरज नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्याबरोबरचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २२.३ असा एकच होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आपल्याकडचा सडपातळ माणूस काट्यावर हलका भरला, तरी आतून तसा असेलच असे नाही.

मध्यमवर्गीय (पुणे) : धागाकर्त्याचे उत्तर

परिचारिकाताई, आपल्या वडिलांचा प्रसंग मी दोनदा वाचला. ‘प्रत्येक प्रौढ व्यक्ती’ हे शब्द मी मागे घेतो. माझ्या सांगण्यावरून कार्यालयातील एका सहकाऱ्याने ही पद्धत सुरू केली आहे आणि तो कोणती गोळी घेतो हे मी त्याला कधीच विचारले नव्हते. आज दुपारी विचारले. तो उद्या त्याच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. पहाटे उठणाऱ्या त्या बायकांचा विचार मी केलाच नव्हता, हेही कबूल करतो.

माळरान यांचे म्हणणे मान्य करूनही मी एका ठिकाणी अडतो. ताट सुधारणे आवश्यक आहेच, पण माझ्यासारख्या बैठे काम करणाऱ्याच्या बाबतीत ताट बिघडण्याआधी मधला वेळ बिघडलेला असतो. वहीतल्या अकरा नोंदींपैकी आठ नोंदी ताटाबाहेरच्या होत्या. त्या आठ नोंदींना आळा घालणारा याहून सोपा नियम मला अजून कोणी दाखवलेला नाही, आणि तो सोडायला मी तयार नाही.

प्रयोगवही यांचा मुद्दा मात्र मला सर्वांत अवघड गेला. पहिले जेवण सकाळी नऊला आणि दुसरे दुपारी चारला घ्यावे, असे काल घरी सुचवून पाहिले. पत्नी चाकणहून कंपनीच्या बसने सव्वाआठला घरी पोहोचते आणि मुलगी शिकवणीवरून साधारण त्याच वेळी येते. पत्नीने शांतपणे विचारले, “मग आपण तिघे एकत्र कधी बसणार?” दिवसभरात तेवढाच अर्धा तास आमचा असतो, आणि तो साखरेच्या कोणत्या आकड्याशी तोलायचा हे मला रात्री उशिरापर्यंत ठरवता आले नाही. तूर्त सकाळी नऊला मटकीची उसळ आणि भाकरी पोटभर, रात्री त्यांच्याबरोबर बसून वाटीभर वरण आणि भाजी, पोळी नाही, असे तीन महिने करून पाहतो. ऑक्टोबरमध्ये पुन्हा रक्त तपासले की आकडा याच धाग्यावर देईन, वाढलेला असला तरीही.