मदत हवी आहे: हँगर सोडून डीजीसीएत निरीक्षक व्हावं का?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी एएमई, म्हणजे विमानांच्या देखभालीचा इंजिनियर. बी१.१ लायसन्स (जेट विमानांची यांत्रिक बाजू), ए३२०चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानावर सही करायची मुभा. मुंबईत एका विमान कंपनीत लाइन मेंटेनन्सला आहे, त्यामुळे आठवड्यातल्या निम्म्या रात्री विमानतळावरच जातात. वय ३३. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं केंद्राचं खातं; त्यासाठी एअरवर्दिनेस ऑफिसरच्या (विमानं उडण्यायोग्य ठेवली जातात ना, हे तपासणारे निरीक्षक) जागा यूपीएससी काढते. तो फॉर्म भरावा की नाही, यावर महिनाभर घरात खल चाललाय. खुल्या गटाला वयाची अट ३५, म्हणजे फार तर एखाद-दुसरी जाहिरात माझ्या नशिबी.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला डीजीसीएचे एक अधिकारी स्पॉट चेकला आले. मी नुकतंच एक मेन व्हील बदलून टेक लॉगमध्ये (विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत) सही केली होती. त्यांनी विमानाकडे बघितलंच नाही, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानंच आवळायचा पाना) मागितला. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे अचूकतेच्या तपासणीच्या, स्टिकरची मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली. मी कार्डावर टूल नंबर लिहिला होता, स्टिकर वाचला नव्हता. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वाचून सही केलीत की सही करून वाचलीत?" मग त्या रेंचनं चार दिवसांत कुठली कुठली चाकं बसली ते काढायला लावलं. तीन विमानं निघाली, त्यातलं एक त्या वेळी गुवाहाटीला. पहाटेपर्यंत फोनाफोनी. रेंच पुढे लॅबमध्ये अचूक निघाला, तेव्हा आमच्या शिफ्टमध्ये साहेबांना मनसोक्त शिव्या घालून झाल्या. मीही घातल्या. पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

आता अडचणी. पगार जवळपास निम्म्यावर येईल. बायको याच कंपनीत ग्राउंड स्टाफमध्ये आहे, तिच्या नोकरीचं काय? पदवी मुंबई विद्यापीठाची बीएस्सी एरोनॉटिक्स, ती चालेल का? आणि खरी भीती वेगळीच आहे. ज्यांच्या डब्यातलं दहा वर्षं खाल्लं, त्यांच्याच कामावर फाइंडिंग (तपासणीत सापडलेली त्रुटी) लिहायला हात उचलेल का माझा? जे या खात्यात आहेत किंवा होते, त्यांनी कृपया सांगा.

जुना_जुहूकर
ते अधिकारी आवडले! मी खात्यातून निवृत्त झालोय, तेव्हा माझी माहिती थोडी शिळी धरा.

टॉर्च घेऊन विमानाखाली फिरणं हा कामाचा लहान भाग. सर्व्हेलन्सचा वर्षाचा आराखडा आधी ठरतो: कुठली विमान कंपनी, कुठलं सीएआर-१४५ मान्यतेचं (विमान देखभालीची परवानगी असलेलं) वर्कशॉप, कुठली फ्लाइंग स्कूल. अचानक तपासण्या वेगळ्या. तपासणी दोन दिवसांत उरकते, पण तिचं शेपूट महिनोन्महिने वळवळतं. फाइंडिंग लिहायचं, त्याची लेव्हल ठरवायची. लेव्हल १ म्हणजे सुरक्षेलाच थेट धोका, तिथं जागच्या जागी पावलं उचलायची. लेव्हल २ला मुदत मिळते. मग कंपनीचं उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा ते एकच असतं: 'संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे.' हे स्वीकारून फाइल बंद करणं फार सोपं. पण मुदत संपलेला रेंच टूल स्टोअरमधून बाहेर आलाच कसा, हे त्यात कुठंच नसतं. ते उत्तर परत पाठवायचं. तिसऱ्यांदा परत पाठवलं की कंपनीतून गोड आवाजात फोन येतो. हा फोन नीट घेता येणं म्हणजे ही नोकरी.

मुंबईच मिळेल असं धरून चालू नका. मुख्यालय दिल्लीत, सफदरजंग विमानतळासमोर. मुंबई कार्यालय मिळालं तरी फिरती आहेच. नागपूरच्या मिहानमधली हँगर्स, बारामती, गोंदियाच्या फ्लाइंग स्कूल्स. तिथं ए३२० विसरा, पिस्टन इंजिनाची छोटी विमानं बघायला पुन्हा शिकावं लागतं.

लेव्हलदहा
पैशाचं मी सांगतो, मी केंद्र सरकारातच आहे (खातं वेगळं). पद गट अ, वेतनाची लेव्हल १०, मूळ वेतन ५६,१०० पासून. त्यावर महागाई भत्ता, मुंबईत घरभाडे भत्ता ३० टक्के, शिवाय वाहतूक भत्ता. सगळं मिळून लाखाच्या थोडं वर जातं. पेन्शनला एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) किंवा एप्रिल २०२५ पासून आलेली यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना).  'तिथले इन्स्पेक्टर लाखोंनी कमावतात' असं कोणी सांगितलं तर ते फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टरांबद्दल. ते पायलट असतात, बरेचसे कंत्राटावर. तो रस्ता तुमचा नाही.

खडूस_काका
सगळे गुलाबी चित्र रंगवताहेत म्हणून मी आलो. २०२५ मध्ये संसदीय समितीनं सांगितलं की डीजीसीएतली जवळपास निम्मी पदं रिकामी आहेत. म्हणजे दोघांचं काम एकाच्या डोक्यावर. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफएएनं (त्यांची डीजीसीए) भारताला कॅटेगरी २ मध्ये, म्हणजे देखरेख कमी पडणाऱ्या देशांत, ढकललं, त्यात प्रशिक्षित निरीक्षकांचा तुटवडा हे एक मोठं कारण होतं. आपल्या कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणं वाढवता येईनात. २०१५ मध्ये दर्जा परत मिळाला, भरतीचा वेग काही वाढलेला दिसत नाही. अपघात झाला की पहिला प्रश्न 'डीजीसीए झोपली होती का?' अहमदाबादनंतर टीव्हीवर बघितलंत ना?

जुना_जुहूकर
काका, रिकाम्या पदांचं खरं आहे. पण अहमदाबादच्या विमान अपघाताचा तपास एएआयबीकडे (विमान अपघातांचा तपास करणारी संस्था) आहे, डीजीसीएकडे नाही. २०१२ मध्ये एएआयबी वेगळी काढली ती याचसाठी. ज्यानं विमान कंपनीला परवाना दिला आणि देखरेख केली, त्याचीच चूक अपघाताच्या कारणांत असू शकते. स्वतःच्या पेपरला स्वतःच गुण कसे देणार?

धागाकर्ते, पत्नीबद्दल. केंद्राच्या १९६४ च्या आचरण नियमांत जवळच्या नातेवाइकांच्या खासगी नोकरीबद्दल नियम आहे. नोकरी सोडायला लावतीलच असं नाही, पण रुजू होतानाच लेखी कळवा आणि त्या कंपनीची फाइल आपल्याकडे नको म्हणून स्वतः सांगा. लपवलंत तर पुढे कोणीतरी तेच बाहेर काढेल, बहुधा तुम्ही तिसऱ्यांदा उत्तर परत पाठवाल त्याच आठवड्यात. पदवीचं इथं विचारू नका. जाहिरातीत शब्द न् शब्द असतो, तोच अंतिम.

डॅलसकर_पुणेकर
डब्याच्या प्रश्नावर लिहितो, कारण त्याचं अख्खं उदाहरण माझ्या शहरातलं, डॅलसचं आहे. मी इथं एका हँगरमध्ये काम करतो. (एफएएचा निरीक्षक व्हायला अमेरिकन नागरिकत्व लागतं, त्यामुळे मला तो मोह नाही.) २००७ मध्ये साउथवेस्ट या विमान कंपनीच्या ४६ बोइंग ७३७ विमानांची, धडाला तडे गेलेत का हे बघणारी सक्तीची तपासणी राहून गेली होती. हे कंपनीनं स्वतः कळवलं, तरी एफएएच्या मुख्य देखभाल निरीक्षकानं विमानं जमिनीवर बसवली नाहीत. ती उडत राहिली. कंपनीत नियमपालन बघणारा माणूस पूर्वी एफएएच्याच त्या कार्यालयात निरीक्षक होता, दोघांची जुनी ओळख. त्याच कार्यालयातल्या दोन निरीक्षकांनी तक्रार लावून धरली, आणि २००८ मध्ये ते अमेरिकी काँग्रेससमोर (संसदेसमोर) साक्षीला उभे राहिले. कंपनीला एक कोटी दोन लाख डॉलरचा दंड ठोठावला गेला, तडजोडीत पंचाहत्तर लाखांवर आला.

पुढे नियम झाला: देखरेख करणारा निरीक्षक नोकरी सोडून त्याच कंपनीत गेला, तर दोन वर्षं त्यानं कंपनीच्या वतीनं एफएएसमोर यायचं नाही. तुमचा प्रवास उलट दिशेचा आहे, पण ओळख तीच. मला विचाराल तर हात उचलेल का, ही भीती तुम्हाला आहे हे चांगलंय. साउथवेस्टवाल्या साहेबांना ती नव्हती.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काका, तुमचेही. बायकोनं धागा वाचला. म्हणाली, "पगाराचं बघू, पण दिल्ली मिळाली तर मी येणार नाही, आधीच सांगते." हा मुद्दा अजून लटकलाय.

एक नवीन अडचण. यूपीएससीला अनुभवाचा दाखला त्यांच्याच नमुन्यात, कंपनीच्या सहीशिक्क्यानं लागतो. म्हणजे एचआरला कळणार, तिथून क्वालिटीवाल्यांना, आणि चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत 'साहेब आले' सुरू. काय कारण सांगून मागावा?

लेव्हलदहा
कारण कसलं सांगताय? नमुन्यावरच आयोगाचं नाव असतं. सरळ मागा, आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मागू नका.

धागाकर्ता
मागितला. एचआरमधल्या मुलीनं नमुना हातातही घेतला नाही. तिच्या कॉम्प्युटरवर आधीच भरून ठेवलेला होता, फक्त नाव आणि लायसन्स नंबर बदलायचा. म्हणाली, "या महिन्यातले तुम्ही चौथे." उरलेले तीन कोण ते मात्र सांगत नाहीये.