मदत हवी आहे: 'टाइट' म्हणजे नक्की काय? लवकर सांगा

चहा_बिनसाखर:
ऑफिसातल्या एकाने काल सगळ्यांदेखत मला 'टाइट' म्हटलं. बाकीचे हसले. मी दारूला शिवतही नाही, मग हे कशावरून? डिक्शनरीत घट्ट, आवळ एवढंच सापडतंय. शुक्रवारी तीच मंडळी पुन्हा भेटणार आहेत. एचआरकडे जाऊ का?

पिंपळपान:
कुठल्या देशात आहात? पूर्ण वाक्य काय होतं? नुसत्या एका शब्दावरून कोण काय सांगणार?

जर्सी_सिटीकर:
इकडे अमेरिकेत 'वी आर टाइट' म्हणजे घट्ट दोस्ती. त्यांनी तुम्हाला आपलं मानलंय. मनाला लावून घेऊ नका.

चहा_बिनसाखर:
इंग्लंडमध्ये, लीड्सला आहे. 'डोन्ट बी टाइट' असं म्हणाला.

शेफील्डची_सून:
मग दोस्ती नाही आणि दारूही नाही. चिकट म्हणाला तो तुम्हाला. इथे टाइट, टाइट-फिस्टेड, स्किनफ्लिंट सगळं चिक्कू माणसालाच. 'मीन'सुद्धा! अमेरिकेत मीन म्हणजे दुष्ट, इथे कंजूष असाही अर्थ होतो. पैशाचा काही विषय निघाला होता का?

जर्सी_सिटीकर:
इकडे कंजूष माणसाला सरळ चीप म्हणतात, नाहीतर चीपस्केट. जगात सगळीकडे शेफील्डचं इंग्रजी चालत नाही.

शेफील्डची_सून:
धागाकर्ते लीड्सला आहेत, जर्सीला नाही. इथे माणसाला चीप म्हटलं तर तो हलक्या दर्जाचा असाही अर्थ निघतो. त्यांनी उद्या तो शब्द कोणाला वापरला तर भलतंच होईल.

चहा_बिनसाखर:
भांडू नका, प्लीज. पबमध्ये होतो, सहा जण. माझा लाइम-सोडा मी माझ्या पैशाने घेतला, कोणाची एक पेनी घेतली नाही. मग कंजूष कसा? आणि त्यानेच वर म्हटलं, 'डीप पॉकेट्स, शॉर्ट आर्म्स'. डीप पॉकेट्स म्हणजे पैसेवाला ना? आमच्या पुण्याच्या ऑफिसात गुंतवणूकदारांना तसंच म्हणायचे.

शेफील्डची_सून:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! नुसतं डीप पॉकेट्स म्हणजे पैसेवाला, बरोबर. पण खिसा खोल आणि हात आखूड, म्हणजे हात पैशापर्यंत पोचतच नाही. इथे 'राउंड' असतो. एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने, असं फिरत जातं. याआधी कोणी तुमचं पेय आणलं होतं का?

चहा_बिनसाखर:
हो. याआधी तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा कोणी ना कोणी आणून दिलं. नवीन आहे म्हणून पाहुणचार करतायत असं वाटलं. काल संकोच वाटला म्हणून स्वतःचा स्वतः घेतला.

पिंपळपान:
इथेच तर सगळं आहे! तीन राउंड घेतले आणि तुमची पाळी आली तेव्हा फक्त स्वतःचा ग्लास घेऊन आलात.

काटकसरी_गृहिणी:
काटकसरीची लाज कशाला? संध्याकाळी सुपरमार्केटात पिवळं स्टिकर लावलेला ब्रेड, दूध बघा, किंमत खूप उतरलेली असते. कोट चॅरिटी शॉपमधून (दान आलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान) घ्या. कोणी 'चीप अँड चिअरफुल' म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते स्वस्त आणि मस्त. 'चीप ॲज चिप्स'ही कौतुकच.

नाणेसंग्राहक:
अवांतर: 'टू बॉब' पण ऐकाल, म्हणजे भिकार, टाकाऊ. बॉब म्हणजे शिलिंग. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पौंड. १५ फेब्रुवारी १९७१ ला ही पद्धत गेली, शब्द राहिला. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पण 'दीड दमडीचा' अजून आहेच की. दमडी आजच्या किती पोरांनी पाहिली आहे?

जर्सी_सिटीकर:
एचआरचं राहिलंच. सगळ्यांसमोर बोलला ना? लेखी तक्रार करा.

पिंपळपान:
अजिबात नको. तक्रार केलीत तर पुन्हा कोणी बरोबर नेणार नाही. शुक्रवारी आत शिरल्या शिरल्या 'माय राउंड' म्हणा.

चहा_बिनसाखर:
खरं सांगतो, रात्रभर झोप नव्हती. तो अपमान करतोय असंच डोक्यात होतं, त्यांचं देणं राहिलंय हे लक्षातच आलं नाही. शुक्रवारी पहिला राउंड माझा. पण मी पीत नाही, तरी पाच पाइंट (बिअरच्या मोठ्या ग्लासां)चे पैसे मीच द्यायचे?

शेफील्डची_सून:
हो, पूर्ण. पुढच्या वेळी तुमचा लाइम-सोडा ते आणतील. नेहमीसाठी परवडत नसेल तर सुरुवातीलाच सांगा, 'आय विल गेट माय ओन'. आधी सांगितलं तर सहसा कोणी टाइट म्हणत नाही.

चहा_बिनसाखर:
धन्यवाद. शेवटचं एक: सहा ग्लास टेबलापर्यंत एकदम न्यायचे कसे?

पिंपळपान:
बारवर ट्रे मागा, देतात.