रीस्टार्ट केल्यावर बॅकअप होतो, सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यावर होत नाही

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संस्थेत संकलनाचा कॉम्प्युटर मी सांभाळते. सकाळी साडेपाचला केंद्र उघडतं, संध्याकाळी पुन्हा. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) सगळं एका डेटा फाइलमध्ये जातं आणि दर दहा दिवसांनी त्यावरून बिलं निघतात.

गेल्या पावसाळ्यात वीज पडली आणि हार्ड डिस्क गेली. आठ दिवसांचं दूध आम्ही सभासदांच्या पावत्यांवरून परत भरलं. पावत्या थर्मल कागदाच्या. एका आजींनी चुलीजवळच्या फडताळात जपून ठेवल्या होत्या, त्या उष्णतेने काळ्या पडल्या होत्या. त्यांचं एका म्हशीचं दूध. आकडा वाचताच येईना, शेवटी आधीच्या दहा दिवसांची सरासरी धरली. त्यांनी मान्य केलं, पण मला ते अजून लागून राहिलंय.

म्हणून एक बॅच फाइल (ओळीने कमांड चालवणारी छोटी फाइल) लिहिली. ती रोबोकॉपीने (विंडोजमधली फाइली कॉपी करायची कमांड) डेटा पेनड्राइव्हवर आजच्या तारखेच्या फोल्डरमध्ये टाकते. वजनाचं सॉफ्टवेअर उघडायच्या आत हे व्हायला हवं, कारण एकदा ते चालू झालं की फाइल अडकते. सकाळी मी असते, संध्याकाळी दुसरा मुलगा, लॉगिन वेगवेगळे. त्यामुळे टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) ट्रिगर, म्हणजे काम कधी सुरू व्हायचं ते, 'ॲट लॉग ऑन' न ठेवता 'ॲट स्टार्टअप' ठेवला आणि अकाउंट 'सिस्टिम' दिलं, म्हणजे विंडोजचं स्वतःचं, कोणी लॉगिन न करताही चालणारं.

रीस्टार्ट केलं की टास्क चालते. पण रात्री शट डाउन करून सकाळी चालू केलं की चालत नाही. तीन सकाळी 'लास्ट रन टाइम'मध्ये जुनीच वेळ दिसली. विंडोज 10 आहे. काय चुकतंय?

बॅचवाला

ताई, तुमच्या टास्कमध्ये चूक नाही. हे फास्ट स्टार्टअपमुळे होतंय.

विंडोज 8 पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचं लॉगिन बंद होतं, पण आतला गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणून मशीन पटकन उघडतं. पण शेड्यूलरच्या लेखी ही नवी सुरुवात नसतेच, त्यामुळे 'ॲट स्टार्टअप'चा ट्रिगर उडत नाही. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

उद्या सकाळी मशीन चालू केल्या केल्या टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'अप टाइम' बघा. रात्रभर बंद असूनही तिथे काही दिवस दिसले तर हेच कारण.

उपाय: कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. आधी 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दाबा, नाहीतर खालचे चौकोन फिके राहतात. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा आणि सेव्ह करा. मशीन उघडायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढा सोसा.

ट्रिगरमध्येच 'डिले टास्क फॉर' असतं, तिथे 1 मिनिट द्या. पेनड्राइव्ह कधीकधी उशिरा दिसतो.

जुना ऑपरेटर

वरचं बरोबर आहे. मशीन लॅपटॉप असेल तर टास्कच्या 'कंडिशन्स'मध्येही बघा. 'एसी पॉवर असेल तरच सुरू करा' ही खूण तिथे आपोआप आलेली असते. पहाटे लाइट नसली तर बॅकअप होणार नाही.

आणि मनापासून सांगतो, तो पेनड्राइव्ह मशीनला कायम लावून ठेवू नका. पुन्हा वीज पडली तर दोन्ही एकदम जातील. दोन पेनड्राइव्ह घ्या, एक दिवसाआड बदला, काढलेला केंद्राबाहेर जाऊ द्या.

वारणाकाठ

अप टाइम पाहिला: 11 दिवस! मी रोज रात्री स्वतः बंद करते. फास्ट स्टार्टअप काढला आणि आज सकाळी टास्क आपोआप चालली. पण फोल्डरचं नाव भलतंच आलंय, आणि 'लास्ट रन रिझल्ट'मध्ये 0x1 दिसतंय. मी हाताने चालवते तेव्हा नाव नीट 'दिवस-महिना-वर्ष' असं येतं.

बॅचवाला

तुम्ही बॅचमध्ये तारीख 'डेट' या व्हेरिएबलवरून घेतली असणार. ती ज्या अकाउंटखाली फाइल चालते त्याच्या सेटिंगप्रमाणे येते. तुमचं अकाउंट भारतीय पद्धतीवर आहे, 'सिस्टिम'चं बहुतेक अमेरिकनच राहिलंय. तिथे तारखेत तिरक्या रेघा येतात आणि त्या नावात चालत नाहीत. तारीख पॉवरशेलच्या (विंडोजमधलाच कमांड चालवायचा प्रोग्राम) 'गेट-डेट'कडून घ्या आणि साचा स्वतः द्या: वर्ष, महिना, दिवस, मध्ये आडवी रेघ. कुठल्याही अकाउंटखाली सारखीच येईल, शिवाय फोल्डर क्रमाने लागतील.

0x1 पाहून घाबरू नका, तो म्हणजे साधा 1. रोबोकॉपी फाइली नीट कॉपी झाल्या की 1 परत देतो, कॉपी करण्यासारखं नवीन काही नसलं की 0. आकडा 8 किंवा त्याहून मोठा आला की मात्र काहीतरी राहिलंय असं समजा. तरी एकदा फोल्डर उघडून फाइलचा आकार मूळ फाइलशी ताडून बघा.

वारणाकाठ

झालं! आज पहाटे पाच पस्तीसचा फोल्डर नीट नावाने आलाय. आकार जुळला, तरी मी फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊन उघडली आणि काल संध्याकाळच्या नोंदी बघितल्या. आजींचं अडीच लिटर, फॅट 6.8, तिथे आहे.

दुसरा पेनड्राइव्ह आजच घेतला. तो सचिवांच्या घरी राहील, अदलाबदल रोज संध्याकाळच्या संकलनानंतर. दोघांचेही मनापासून आभार.