साधा पेट स्कॅन आणि पीएसएमए पेट, फरक नेमका काय?

सांगलीकर:
बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, मधे पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) छान खाली होता, आता परत वाढायला लागलाय. डॉक्टर म्हणाले साधा पेट नको, गॅलियम पीएसएमए करा. मशीन तर तेच असतं ना, मग वेगळं काय? आणि सेंटरवाले म्हणतात सकाळी वेळेवर या, उशीर झाला तर इंजेक्शन मिळेलच असं नाही. एवढं कडक का? कोणाला नीट माहीत असेल तर प्लीज सांगा, घरात सगळे टेन्शनमध्ये आहेत.

हॉटलॅब_मुंबई:
मी रेडिओफार्मसीत काम करतो. मशीन तेच, इंजेक्शन वेगळं. साध्या पेटमध्ये एफडीजी देतात, म्हणजे ग्लुकोजच्या एका ओएच गटाच्या जागी किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवलेलं असतं, पेशी ते साखर समजून आत घेते पण पुढे पचवता येत नाही म्हणून ते आतच अडकतं. प्रोस्टेटचा कॅन्सर बरेचदा साखर फार खातच नाही, वर एफडीजी लघवीतून मूत्राशयात जमतं आणि ते प्रोस्टेटच्या अगदी शेजारी, त्यामुळे बारीक गाठ सुटू शकते.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या इंजेक्शनमधलं किरणोत्सारी गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. आमच्याकडे जर्मेनियम-६८ चा जनरेटर आहे, त्यात जर्मेनियमचं हळूहळू गॅलियम होत राहतं, सकाळी त्यातून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडून गॅलियम काढायचं, पीएसएमए-११ (कॅन्सरच्या पेशीला चिकटणारा रेणू) बरोबर गरम करायचं, कार्ट्रिजमधून शुद्ध करायचं, फिल्टर, पीएच, टीएलसी (शुद्धतेची तपासणी), मग सिरिंज. एका वेळी मोजक्याच पेशंटपुरतं निघतं आणि जनरेटर परत भरायला तीन-चार तास जातात. तुम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी डोस कमी होतच राहतो, तो थांबवणं कोणाच्याच हातात नाही. म्हणून शक्यतो आदल्या रात्रीच मुक्कामाला या.

पूर्वा_केमिस्ट:
वरचं सगळं बरोबर, मी फक्त रेणूबद्दल सांगते कारण माझं कामच ते आहे. पीएसएमए हे पेशीच्या बाहेरच्या बाजूला असलेलं प्रोटीन, प्रोस्टेट कॅन्सरमध्ये बहुतेकदा भरपूर असतं. रेणूचं एक टोक, ग्लुटामेट-युरिया-लायसिन, त्या प्रोटीनच्या खाचेत बसतं आणि दुसरं टोक, एचबीईडी-सीसी, गॅलियमला घट्ट धरून ठेवतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या लोकांनी हे जमवलं, डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एफडीएची (तिथली औषधांना परवानगी देणारी संस्था) मान्यता मिळाली. नुसतं चिकटणारा रेणू बनवणं त्यामानाने सोपं असतं हो, पण तो रक्तातून लवकर निघून गेला पाहिजे, भलतीकडे चिकटता कामा नये आणि गॅलियम वाटेत सुटता कामा नये, नाहीतर फोटोत सगळीकडे धुकं दिसतं. लॅबमध्ये मस्त दिसलेले कितीतरी रेणू उंदरांच्या टप्प्यावरच बाद होतात. फ्लोरीन-१८ वाले पीएसएमए ट्रेसरही (स्कॅनसाठी टोचायचे असे रेणू) आहेत, फ्लोरीन-१८ चं अर्धं आयुष्य, म्हणजे निम्मं व्हायचा वेळ, ११० मिनिटं, त्यामुळे सायक्लोट्रॉनपासून (ते बनवणारं मशीन) थोडं लांबच्या गावापर्यंतही नेता येतात.

सांगलीकर:
खूप खूप धन्यवाद दोघांना. म्हणजे स्कॅनमध्ये जिथे चमकेल तिथे कॅन्सर, असंच ना?

हॉटलॅब_मुंबई:
नाही नाही, असं अजिबात समजू नका! लाळग्रंथी, किडनी, लिव्हर, लहान आतड्याचा काही भाग, हे सगळ्यांचंच चमकतं. कधी बरगडीत फिकट ठिपका दिसतो आणि तो काहीच नसतो. उलट काही कॅन्सरमध्ये पीएसएमए कमी असतं, ते दिसतच नाहीत. सीडी बघून घरीच अंदाज बांधत बसू नका, जुने रिपोर्ट आणि पीएसएचे सगळे आकडे तारखांसकट न्या, न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. बाबांना पाणी भरपूर प्यायला सांगा, आणि उपाशी यायचं का ते सेंटरला फोन करून विचारा, एफडीजीसारखं इथे सहसा लागत नाही.