डी ग्राफ आणि पचनाचं काम

एकांनी लिहिलंय की डी ग्राफ या सतराव्या शतकातल्या डच वैद्याचं खरं काम अंडाशयाचं, पचनाचं आपलं विद्यार्थीदशेतलं, किरकोळ. नाही पटलं. 1664 साली, जेमतेम तेविशीत, त्याने जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत बदकाच्या पिसाची पोकळ दांडी बसवली, खाली बाटली टांगली आणि रस गोळा केला. वर चाखूनही पाहिला! आंबट म्हणाला, ते साफ चुकलं. हा रस अल्कधर्मी असतो. (हा रस आम्लच असतो, हा गुरू सिल्व्हियसचा सिद्धांत डोक्यात बसलेला, दुसरं काय.) तरी किरकोळ कसं म्हणायचं?

अंडाशयाचं म्हणाल तर आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे ते गोठ्यातच कळतं. गवळाऊ गाय माजावर आली की गुरांचे डॉक्टर खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवतात, शेणाच्या वाटेने हात घालतात आणि आतड्याच्या भिंतीतूनच अंडाशय चाचपतात. बोटाला लागणारा तो बोराएवढा मऊ फुगवटा म्हणजेच ग्राफियन फॉलिकल, अंडं वाढतं ती द्रवाने भरलेली पिशवी. डी ग्राफने 1672 च्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं, पण त्याला तो अख्खा फुगवटाच अंडं वाटला. आतलं खरं अंडं फॉन बेअर या शास्त्रज्ञाला दिसलं ते थेट 1827 मध्ये.